चूक काढणारा वाचक कुठे मिळेल?

(लिहिण्या-वाचण्याविषयीच्या तुमच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात दादरच्या एका सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल.)

पत्र पहिलं

ताई, नमस्कार.

मी मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीत, म्हणजे सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या चाळीत जन्मले, तिथेच वाढले. आता एका खासगी बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षं चाळीतल्या आयुष्यावर ऑनलाइन लिहितेय. आधी फेसबुकवर लिहायचे, मग स्वतःची वेबसाईट केली. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसला की त्यावरच लॅपटॉप ठेवते. एकेका लेखाला तीन-चार रात्री जातात. आणि वाचतात किती? परवाच्या लेखाला सतरा. त्यात आत्या, मामेबहीण, ऑफिसमधली मैत्रीण आणि बहुतेक चार वेळा मी स्वतःच. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. त्यातले माझ्या वाट्याला हे एवढे! आमच्याच इमारतीतला एक मुलगा वडापावच्या गाड्यांच्या रील टाकतो, त्याला लाखांत लोक बघतात. आई म्हणते, "झोप आता, कोण वाचतंय?" तिला काय सांगू कळत नाही. लिहायची हौस अजून आहे, पण उमेद संपत चाललीय. काय करू? लेखांचे दुवे सोबत पाठवतेय. नाव छापू नका.

– एक वाचक, नायगाव

उत्तर

दुवे पाठवलेस ते बरं केलंस. नाहीतर मी उत्तर दिलं नसतं. न वाचताच 'छान, लिहीत राहा' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही, त्यात माझी भर कशाला? मी सगळे लेख वाचले. नळाच्या पाण्यावरचा उत्तम आहे. गणपतीवरचा बेताचा. पावसावरचा कुणीही कुठेही बसून लिहिला असता.

'एक जरी वाचक मिळाला तरी लेखन सार्थकी लागलं' हे वाक्य मला पटत नाही. ज्यांच्याकडे भरपूर वाचक असतात तीच माणसं ते बोलतात. आपलं लिहिलेलं वाचलं जावं असं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. तेव्हा 'आकड्यांकडे बघू नकोस' असा उपदेश मी करणार नाही. बघ, पण महिन्यातून एकदा, आणि त्यातून काय कळतं ते समजून बघ. पान किती वेळा उघडलं गेलं एवढंच तो आकडा सांगतो. वाचलं का, शेवटपर्यंत वाचलं का, हे त्यात नसतं. त्यापेक्षा गूगलचं सर्च कन्सोल उघड. फुकट आहे. लोक काय शोधत होते आणि तुझ्यापर्यंत आले, ते शब्द तिथे दिसतात. तुला ते फारसे दिसणार नाहीत, कारण तुझी शीर्षकं. 'ओल्या भिंतींचं गाणं' असं गूगलवर कोण शोधणार आहे? 'नायगाव बीडीडी चाळीतलं पाणी: नळाची वेळ, नंबर आणि भांडणं' असं लिहिलंस तर शोधणाऱ्याला सापडशील. काव्य आत ठेव, दारावर पाटी स्पष्ट असू दे. आणखी एक, तीन लेख तू फुलांच्या पार्श्वभूमीवर चित्र करून टाकलेस. चित्रातली अक्षरं शोधताना नीट हाती लागत नाहीत आणि अंध माणसाच्या स्क्रीन रीडरलाही त्यांचा उपयोग नाही. साधा मजकूर टाक. आणि फेसबुकने जानेवारी २०१८मध्येच जाहीर केलं होतं की पानांच्या मजकुरापेक्षा आप्तमित्रांच्या, गप्पा घडवणाऱ्या पोस्ट वर दाखवणार. नुसता दुवा चिकटवून निघून गेलं की गप्पा घडत नाहीत. तंत्राचं एवढं पुरे.

उमेदीची गोष्ट वेगळी आहे. माझ्या मते तू चुकीची वस्तू मागते आहेस. तू कौतुक मागतेस. कौतुक एका रात्रीत संपतं आणि दुसऱ्या रात्री जास्त लागतं. तू दुरुस्ती माग.

आमच्या वाचनालयात एका निवृत्त जॉबरने, म्हणजे कापड गिरणीतल्या मुकादमाने, पदरमोड करून छापलेली पुस्तिका होती. साचाखातं, साळखातं अशी गिरणीतली खाती, सकाळी गेटवर काम मिळेल का म्हणून उभे असलेले बदलीवाले, असं सगळं त्यात होतं. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के मोजकेच. निर्लेखनाच्या यादीत तिचा नंबर लागला. (जागा करायला म्हणून न वाचली जाणारी, कसर लागलेली पुस्तकं दर काही वर्षांनी कागदोपत्री काढून टाकावी लागतात. ग्रंथपालाचं सगळ्यात नावडतं काम.) टाकण्याआधी मी ती चाळली, तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं. एका अक्षरात, 'चूक. पगार दहा तारखेला होत असे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तुमच्या गिरणीत असेल. आमच्याकडे नव्हे.' भोंग्याच्या वेळेवरून तर तिघांची जुंपलेली. ती मंडळी पुस्तिका घरी नेत नव्हती. तिथेच बाकावर बसून वाचत आणि भांडत होती, म्हणून शिक्का पडत नव्हता. 'पुस्तकात लिहू नये' ही पाटी भिंतीवर मीच लावलेली होती. तरी ती पुस्तिका मी यादीतून काढली आणि परत मांडणीवर ठेवली. त्या जॉबरला हे समास बघायला मिळाले असते तर दुसरा भाग त्याने आठवड्यात लिहायला घेतला असता, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी 'आपला अभिप्राय जरूर कळवा' असं जे लिहितेस, ते काढून टाक. त्याला कुणी उत्तर देत नाही. मीही देत नाही. त्याऐवजी नेमकं विचार: आपल्या इमारतीसमोरची पिठाची गिरणी बंद झाली ती १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपाआधी की नंतर? तळमजल्यावरच्या खाणावळीत जेवायला किती गडी असायचे? आणि तुला ठाऊक असलेलं उत्तर लेखात छातीठोकपणे लिही. ते चुकीचं असेल तर नायगावकर स्वस्थ बसणार नाहीत. पन्नास वर्षं जिथे राहिलो तिथलं कुणीतरी चुकीचं लिहितंय, हे मराठी माणसाला सहन होत नाही. अभिप्राय द्यायला त्याला वेळ नसतो, पण चूक काढायला तो रात्री उठून बसेल.

यातले पुष्कळ जण ऑनलाइन येणारच नाहीत. मग तू त्यांच्याकडे जा. लेखाचा प्रिंट काढ, अक्षर मोठं ठेव, आणि रविवारी दुपारी पॅसेजमध्ये चार खुर्च्या टाकून वाचून दाखव. गिरणगावात ही रीत जुनीच आहे. एकाने पेपर वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. 'दीनबंधू' पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलं, ते पैशाअभावी अडखळलं, आणि १८८० साली नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईत चालवायला घेतलं. ज्या गिरणी कामगारांसाठी ते लिहीत होते त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. वाचकसंख्येवर उमेद बांधली असती तर लोखंडेंनी महिन्याभरात दुकान बंद केलं असतं. पण ते कामगारांच्या सभांत जात, तिथे बोलत, तिथलं ऐकत. रविवारची जी सुट्टी तू लिहिण्यात घालवतेस, ती गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली, त्याच्यामागे लोखंडे होते. यावर तुझा एकही लेख नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

आता तुझ्या लिखाणातली एक उणीव. चाळ म्हटलं की बाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गिरगावातली लाकडी कठड्याची गॅलरी येते. बीडीडीत ती नाही. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, चार मजल्यांच्या ऐंशी. हे तू कुठेही सांगितलेलं नाहीस, कारण तुला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्याउलट 'मायेचा ओलावा', 'आपुलकीची नाती' हे पानोपानी आहे. नाती आपुलकीची असतील, पण १६० चौरस फुटांत आठ माणसं झोपायची कशी? कुणाचं अंथरूण पॅसेजमध्ये, रात्रपाळीवाल्याने दिवसा कुठे पाठ टेकायची, पाहुणा आला की काय, हे लिही. खाणावळींवर लिही. महिन्याचा हिशेब कसा व्हायचा, गडी पैसे न देता गावी निघून गेला तर त्या बाईने काय करायचं? प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन. गावमंडळांनी, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून धरलेल्या खोल्यांवर लिही. आणि एखादे आजोबा सांगतील की या इमारती मुळात तुरुंग म्हणून बांधल्या. तेही लिही, पण पुढेच लिही की बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात त्या बांधल्या त्या कामगारांच्या घरांसाठी. मग आजोबा चिडतील. चिडू देत. पुढचा लेख तिथेच मिळेल.

थोडी घाई कर, हेही सांगते. नायगावच्या ४२ आणि वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी धरून एकूण २०७ इमारती. पुनर्विकासात वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळालेल्या आहेत. घरं चांगली आहेत, मिळायलाच हवी होती. जुन्या संडासापुढच्या रांगेचं गुणगान करणारे लोक मला आवडत नाहीत. पण तुझ्या मजल्यावरची वीस बिऱ्हाडं एका हाकेवर आहेत तोवर त्यांच्याकडून चुका काढून घेणं सोपं आहे. इमारत रिकामी झाली की कोणी विरारला भाड्याने, कोणी गावी. त्यांना गाठायला तुला लोकलने फिरावं लागेल.

त्या रीलवाल्या मुलावर राग धरू नकोस. संध्याकाळी भुकेची वेळ झाली की तो गाडीसमोर उभा असतो, लोकही तेव्हाच फोन बघत असतात. त्याला त्याचं काम कळलेलं आहे. उलट त्याला सांग, त्या आजोबांना माझी चूक काढताना नव्वद सेकंदं टिपून दे. देईल. एकाच इमारतीतला आहे.

दर आठवड्याला एक लेख हवाच, हा नियम तुला कुणी घालून दिला? महिन्याला एक पुरे. मध्येच दोन महिने काहीच लिहिलं नाहीस तरी कुणी नोटीस पाठवणार नाही. पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' करू नकोस, त्या पैशांत झेरॉक्स येतील. घरच्यांनी वाचावं ही अपेक्षा सोड. माझ्या नवऱ्याने या सदरातलं एकही उत्तर आजवर वाचलेलं नाही. तो शेवटच्या पानावरचं शब्दकोडं सोडवतो आणि अंक रद्दीत टाकतो. तुझ्या आईची गोष्ट मात्र निराळी. ती 'कोण वाचतंय' विचारते, म्हणजे जागी असते. तिला पाण्यावरचा लेख वाचून दाखव. पहिल्याच परिच्छेदात ती म्हणेल, "नळ पाचला नाही गं, साडेचारला यायचा." मग लॅपटॉप बंद करू नकोस. तिला बोलू दे आणि टाइप करत राहा.

पत्र दुसरं

महोदया, मी मुलुंडचा निवृत्त शिक्षक. माझी एक कविता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याकडेच आली. खाली माझं नाव नव्हतं, एका थोर दिवंगत कवीचं होतं. आनंद मानावा की दुःख? आणि उपाय काय?

उत्तर

सर, आधी अर्धा दिवस आनंद माना. तुमची कविता त्यांच्या नावावर खपली, हे काही थोडं नाही.

कायद्याचं म्हणाल तर कविता लिहून झाली की तिचा हक्क आपोआप तुमचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो हक्क तुमच्यानंतरही साठ वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. पण हजारो गटांत फिरणाऱ्या मजकुरामागे कोणत्या पोलिसाला धाडणार? ज्या गटात ती आली तिथे शांतपणे लिहा, 'ही माझी, अमुक वर्षी लिहिली, अमुक अंकात छापली होती', आणि त्या पानाचा फोटो टाका. तो फोटोही पुढे फिरतो, जरा हळू फिरतो एवढंच.

पुढच्या कवितांसाठी मात्र आपल्याकडे छापखान्याच्याही आधीची सोय आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. नाव खाली सुटं लिहिलं की कुणीही अंगठ्याने पुसून टाकतो. शेवटच्या चरणात छंदात बसवून गुंफलंत तर पुसणाऱ्याला त्या जागी तेवढ्याच अक्षरांचा दुसरा शब्द शोधावा लागेल, आणि फॉरवर्ड करणारे एवढे कष्ट घेत नाहीत. तुमचं नाव चार अक्षरी आहे, ओवीत सहज बसेल. एक लिहून पाठवा, अक्षरं मी मोजून बघते.