दिंडोरी रोडला कुणी विचारलं तर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन दिवसांचा वॉक, नाशिक ते वणीचा गड. आणि विचारलंयस काय, तर "बाई, बूट कुठले घेऊ?" शाळेतही असाच होतास. उत्तर हवं, रीत नको.

तर आधी बूट. नवे घेऊच नकोस. घ्यायचेच असले तर आज घे, म्हणजे निघेपर्यंत त्यांची मस्ती उतरेल. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय फुगलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. सुती मोजे नकोत. घाम धरून ठेवतात, आणि ओल्या कातडीवर घासलं की फोड आलाच. टाचेला नि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लाव. कुठं चुरचुरायला लागलं की लगेच थांबून पट्टी लाव, "पुढच्या चहाला बघू" म्हणू नकोस. माझे आजोबा वारीत फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवायचे. ते तू करू नकोस, त्यानं पू होतो. फोडाची वरची कातडीही सोलायची नाही, तीच त्याचं झाकण असते.

सराव म्हणून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गोल गोल फिरून उपयोग नाही. शनिवारी गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत जाऊन परत ये आणि रविवारी पुन्हा तेच कर. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना काय होतं, ते बघायचंय. नांदुरीपासून गडाचा दहा किलोमीटरचा घाट तुम्हाला तिसऱ्या दिवशी आहे, तेव्हा अधूनमधून पांडवलेणीच्या पायऱ्याही कर.

नाशिकच्या माणसाला चालण्याचं अप्रूप नाही. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी असते, नवरात्रात नि कोजागरीला गडाची वाट वाहती असते. पण त्या वाटांवर पावलोपावली कुणीतरी चहा, केळी, फराळ घेऊन उभं असतं. तुमच्यासाठी कुणी मांडव घालणार नाही. ऑक्टोबरचं ऊन, डांबरी रस्ता आणि शेजारून ट्रॅक्टर. पहाटे निघा, अकराच्या आत सावली गाठा आणि प्यायच्या पाण्यात ओआरएस घाला.

झाले बूट. आता तू न विचारलेलं सांगते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वॉकमध्ये मीही होते. गुलाबी टोपी, गुलाबी टी-शर्ट. दिंडोरीच्या पुढं रस्त्याला लागून एक द्राक्षबाग होती. छाटणी नुकतीच झालेली, आणि बायका काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रबरी मोजा. एक जण बांधापर्यंत आली नि म्हणाली, "नवस हाये का, बाई?" मी म्हटलं, "नाही हो, जनजागृतीसाठी चालतोय." ती "बरं" म्हणाली आणि परत ओळीत शिरली.

दोनेक किलोमीटर गेल्यावर मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं वर्गात ओरडून शिकवलं, आणि नेमक्या बाईसमोर नेमका शब्द गिळला. का गिळला? शेजारी दोन पुरुष चालत होते म्हणून.

घरात हे होऊन गेलेलं असताना मी असं वागले, ते जास्त लागलं. माझ्या जावेला दसऱ्याच्या सुमारास गाठ लागली होती. तिनं दाखवली संक्रांतीनंतर. "दुखत नव्हती ना," म्हणाली, "दुखली असती तर लगेच सांगितलं असतं." हीच तर मेख आहे. ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्याकडच्या बायका तर दुखलं तरच, तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर सांगतात. ऑपरेशन झालं, केमो झाली. आज ती बरी आहे. काखेतल्या गाठी काढल्यामुळं डावा हात सुजलेला असतो, म्हणून बांगड्या फक्त उजव्या हातात घालते. हळदीकुंकवाला कुणी त्याबद्दल विचारलं की सरळ सांगते. मला जमलं नव्हतं ते तिला जमतं.

म्हणून तुला सांगते, बांधावरून कुणी विचारलं तर थांब. "जनजागृती" म्हणू नकोस. त्या शब्दानं समोरच्याचं तोंड बंद होतं. "स्तनाचा कॅन्सर" म्हण, आवाज न पाडता. तू मुलगा आहेस म्हणून अवघडशील, ठाऊक आहे. आरशासमोर चार वेळा म्हणून बघ. हा आजार पुरुषांनाही होतो, शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो, हे सांगितलंस की घोळक्यातले बाप्येही कान देतील. मग सांग: न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, यातलं काहीही दिसलं तर छाटणी उरकायची वाट बघायची नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही लगेच जोडून सांग, नाहीतर घाबरून कुणी जाणारच नाही. तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईला विचारलं तर ती कुठं जायचं ते सांगेल.

नुसत्या हातानं तपासून काय होतं, असं कुणी शहाणा विचारेलच. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या एका गटाला शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या. यंत्र नाही, फक्त बोटं. २०२१ मध्ये निकाल छापून आला: न तपासलेल्या गटाच्या तुलनेत या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. हे तोंडपाठ कर, सनावळ्यांसारखं.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेत असा तीन दिवसांचा वॉक असतो, ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. त्यात उतरायचं तर माणशी किमान २,३०० डॉलर जमवून द्यावे लागतात. आपण तेवढं नको, पण "किलोमीटरमागे दहा रुपये" म्हणत मावशी-काकांकडं फिरायला लाजू नकोस. फक्त आयोजकांना आधी विचार, टी-शर्ट नि बॅनरवर किती जाणार आणि पेशंटपर्यंत किती पोहोचणार. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर माझे पैसे धरू नकोस. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात, पण रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे यावं लागतं. सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्या बाईनं राहायचं कुठं, आणि बुडालेली मजुरी कोण देणार? पैसा तिथं पोहोचला तर चालण्याला अर्थ आहे.

तुमच्यात उपचार झालेल्या बायकाही असतील. त्यांना "तुम्ही फायटर आहात" वगैरे म्हणू नकोस, त्यांना ते ऐकून कंटाळा आलेला असतो. एखादीच्या हातावर सूज आवरणारी घट्ट बाही असेल, तर चढावर हात द्यायच्या नादात तोच हात ओढू नकोस. आणि कुणी गाडीत बसलं तर बसू दे. तूही बस, वेळ आली तर.

एक अवघड काम राहिलं. तुझी आई पन्नाशीच्या पुढं गेली. निघण्याआधी तिला विचार, तपासून घेतलंय का. हा प्रश्न स्वयंपाकघरात विचारता आला तर दिंडोरी रोडलाही जमेल.

पहिल्या दिवशी साडेपाचला मी दिंडोरी नाक्यावर उभी असेन. म्हसरूळपर्यंत तुझ्याबरोबर येते, पुढं गुडघा ऐकत नाही. आई काय म्हणाली ते तेवढ्या वाटेत सांग.

तुझ्या,
बाई