डॉक्टर न होता कॅन्सरवर संशोधन करता येतं का? मॉलेक्युलर बायोलॉजिस्टचं करिअर कसं असतं?

तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि वडील म्हणतात, 'एमबीबीएस नाही, मग कॅन्सरचं काय करणार?' त्यांना कमल रणदिवे यांच्याबद्दल सांगा. त्यांच्या वडिलांनाही मुलीने डॉक्टर व्हावंसं वाटत होतं. त्या फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकल्या, कॅन्सर संशोधक डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएचडी केली आणि पुढे मुंबईत टिश्यू कल्चरची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) लॅब उभी करून उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

मी स्वतः मॉलेक्युलर बायोलॉजिस्ट म्हणून, म्हणजे पेशींमधल्या डीएनए, आरएनए आणि प्रथिनांचा अभ्यास करत, सतरा वर्षं या कामात आहे. ऑपरेशन थिएटरमधून तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा येतो. शरीराबाहेर आला की त्यातला आरएनए (जनुकांचा निरोप वाहणारा रेणू) तुटायला लागतो, म्हणून तो लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. पुढे डीएनए-आरएनए वेगळा काढणं, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं), सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं), आणि मग महिनोन्महिने एकच शोध: जनुकांतल्या या शेकडो बदलांपैकी गाठ वाढवतो तो कुठला आणि नुसताच सोबत आलाय तो कुठला? ट्यूबवर नाव नसतं, नंबर असतो. तरी ती हातात घेताना तंबाखूपायी जबडा गमावलेलं माणूस मला आठवतंच.

फळ लवकर मिळत नाही. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये दिसणारं फिलाडेल्फिया क्रोमोसोम (एक बिघडलेलं गुणसूत्र) १९६० साली सापडलं. क्रोमोसोम ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनतं, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवलं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २००१ साली. मधल्या ४१ वर्षांत किती जणांनी आपापला लहानसा वाटा उचलला असेल! आज त्या गोळ्यांवर लोक वर्षानुवर्षं जगतात. मला हे काम सोडवत नाही, ते यासाठीच.

वाट अशी: एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० (२०२३ पासूनचे दर), वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यासाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, डोळ्यांसमोर ठेवा. पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे घरी आधीच सांगून टाका. पण हॉस्पिटलांच्या मॉलेक्युलर लॅब आणि औषध कंपन्यांमध्येही हेच कौशल्य लागतं.

एक गोष्ट मात्र मला फार महागात पडली. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, की मी लॅबमध्ये वाढवत असलेल्या पेशींमध्ये मायकोप्लाझ्मा शिरलाय. हा जीवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, पेशी वाढवायचा द्रव (मीडियम) गढूळ होत नाही, पण पेशींचं वागणं पार बदलतं. आठ महिन्यांचे रिझल्ट टाकून द्यावे लागले. त्या लॅबमध्ये नियमित तपासणीच होत नव्हती. त्याचा मला आजही राग येतो.

म्हणून संस्थेचं नाव पाहण्याआधी पीएचडीचा गाइड पाहा आणि त्याला विचारा. पेशींची मायकोप्लाझ्मा टेस्ट किती दिवसांनी होते? सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या एका प्रकारच्या पेशी) खरंच तीच आहे, दुसऱ्या पेशी मिसळलेल्या नाहीत, याची खात्री कशी करता? मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत? शेवटचा प्रश्न त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारा.