पुरात एवढ्या लोकांना बाहेर काढलं, मग आता ह्यांना काय झालंय?

मी समुपदेशनाचं काम करते, आणि पावसाळा आला की मला हा फोन येतोच. कधी बायकोचा, कधी आईचा, एकदा तर गावच्या सरपंचांचा आलेला. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच, की आमच्या माणसाने पुरात जिवावर उदार होऊन लोकांना काढलं, सगळा गाव नाव घेतो, पण तेव्हापासून तो धड झोपत नाही, उगाच चिडतो, कुणात मिसळत नाही. चांगलं काम केलेल्या माणसाला असं कसं होईल मॅडम?

तर एक केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ऑगस्ट २०१९, कोल्हापूरकडचं एक गाव. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्याही वर गेलेलं. पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस बंद. एनडीआरएफ आली, नेव्हीच्या बोटी आल्या, पण एकाच वेळी सगळ्या गावांत कशा पोचणार? मग आमच्याकडे लोक काय करतात तर काहील बाहेर काढतात. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती अवाढव्य पसरट कढई. ती पाण्यावर तरंगते खरी, पण तिला ना पुढचं टोक ना मागचं, वल्हं मारलं की जागच्या जागी गरागरा फिरते, म्हणून चांगले पोहणारे दोघं-तिघं कडेला धरून ढकलत नेतात. आमचे हे दादा (वयाने माझ्यापेक्षा लहान, पण दादाच म्हणते) गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारे. आयुष्य काहिलीच्या कडेला गेलेलं. दोन दिवस ते पाण्यातच होते. किती माणसं काढली विचारलं तर म्हणाले मोजायला कुणाला सवड होती.

माझ्याकडे आले ते पाच महिन्यांनी, तेही वहिनींनी आणलं म्हणून. त्या वर्षी पाऊस पार दिवाळीपर्यंत लांबला होता आणि दरवेळी सर आली की हे उठून उंबऱ्यावर जाऊन बसायचे. गुऱ्हाळाचा सीझन लागला, पहिल्या दिवशी काहिलीत रस ओतला आणि ह्यांचे हात थरथरायला लागले, घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत, म्हणजे वर्षाची कमाई गेली. वहिनी म्हणाल्या, "शाल-श्रीफळाचा फोटो भिंतीवर लावला होता, तो बी काढून ठेवला वो ह्यांनी."

त्या फोटोवर माझं लक्ष गेलं.

पहिल्या दोन भेटींत दादा जवळजवळ बोललेच नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. घरचे प्रेमापोटी मागे लागतात की बोल, सगळं सांगून टाक, मन मोकळं होईल. पण एका बैठकीत सगळं वदवून घेणं फायद्याचं नसतं, जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते. आधी झोप, जेवण, दिवसाला काहीतरी घडी. ते मोबाईलवर रात्रभर नदीची पातळी बघायचे, ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा एवढ्यावर आणलं, त्यालाच दोन आठवडे गेले.

तिसऱ्या भेटीत खाली बघत म्हणाले, "आज्याला मी थोबाडीत मारली मॅडम."

झालं होतं असं की एक म्हातारे आजोबा दोन म्हशी सोडून यायला तयार नव्हते. पाणी छातीला लागलेलं, काहिलीत बायका-पोरं बसलेली, पोरं रडतायत, हे हात जोडून सांगतायत आणि आजोबा दाव्याला धरून उभे. शेवटी ह्यांनी एक ठेवून दिली, उचललं आणि काहिलीत टाकलं. म्हशी बांधलेल्याच राहिल्या. पुढे सत्काराच्या दिवशी ह्यांच्या गळ्यात हार कुणी घातला असेल? त्याच आजोबांनी. कुणीतरी हौसेने ठरवलेलं, "वाचवलेल्या माणसाच्या हस्ते".

आता मला त्या "चांगलं काम केलेल्या माणसाला" याबद्दल बोलायचंय. संकटात धावून जाणारा माणूस फक्त चांगलंच करतो असं नसतं, त्याला क्षणात ठरवावं लागतं कोण आधी, कोण नंतर, काय सोडायचं, कधी हात उगारायचा. ते बरोबर होतं हे डोक्याला कळतं तरी मन मानत नाही, आणि गाव जितकं देव देव करेल तितकं ते आत दाबलं जातं, कारण देवाने म्हाताऱ्याला मारलं हे सांगायचं कुणाला?

पुरानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि आपोआप कमीही होतं. महिना उलटून गेला तरी तेच चालू असेल, आणि माणूस एखादी जागा, वस्तू, आवाज टाळायला लागला असेल तर वाट बघू नका. दादांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा आजार) निघाला, काही महिने गोळ्या होत्या, त्यात कमीपणा कसला. दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आता टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे, चोवीस तास, फुकट.

काहिलीची भीती आम्ही टप्प्याटप्प्याने घालवली. आधी नुसतं गुऱ्हाळाच्या रस्त्याने जायचं, मग आत बसून चहा, मग रिकाम्या काहिलीला हात लावायचा. एकदा घाई झाली (चूक माझी, मीच म्हटलं होतं की जमेल) आणि तीन आठवडे मागे गेलो.

आजोबांना भेटायचं त्यांनी स्वतः ठरवलं. मला वाटलेलं आजोबा म्हणतील जाऊ दे लेकरा. तसं काही झालं नाही. आजोबांनी विचारलं, "दावं का कापलं न्हाईस?" हाच प्रश्न दादा इतके महिने टाळत होते. म्हणाले, "सोडायला गेलो हुतो आजा. गाठ भिजून आवळलेली, सुटंना, आणि कापायला काय बी नव्हतं जवळ." आपण गाठ सोडायला गेलो होतो हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. आजोबा बराच वेळ गप्प बसले, मग सुनेला चहा टाकायला सांगितला. एवढंच. पण त्या रात्री दादा सलग झोपले.

पुढच्या सीझनला काहिलीवर उभे राहिले, पूर्ण नाही, अर्धे दिवस.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढलं तेव्हा वहिनींआधी त्यांचाच फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जातोय मॅडम, पण पोरांच्या पाळ्या लावल्यात, रात्री मी झोपणार. आणि ह्या टायमाला कमरंला विळा हाय."