डिचोलीत आमच्या वाड्यावर बऱ्याच घरांवर सोलर आहे. ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद का पडतो?

बहुतेक वेळा पॅनेल बिघडलेलं नसतं, लाइनचं व्होल्टेज चढलेलं असतं. दुपारी घरातला वापर कमी आणि सगळ्यांच्या छपरांवरची वीज एकाच वेळी लाइनवर. ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब घर, तितकं व्होल्टेज जास्त चढतं. २३० चं २५३ च्या वर गेलं, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त वाढलं, की नियमानुसार इन्व्हर्टरने २ सेकंदांत लाइन सोडायची असते. तो आपलं काम करतोय.

आधी इलेक्ट्रिशियनकडून बारा ते दोनच्या मध्ये मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. मीटरपाशी ठीक आणि इन्व्हर्टरपाशीच जास्त असेल तर मधली केबल बारीक आहे. ती इन्स्टॉलरकडून बदलून घ्या. दोन्हीकडे जास्त असेल तर डिस्प्लेचे फोटो जोडून वीज खात्याला लेखी अर्ज द्या, शक्यतो सगळ्या घरांनी मिळून. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायची सोय) बदलणं, सोलरची घरं तिन्ही फेजवर सारखी वाटणं ही कामं खात्याचीच.

तोवर पंप, वॉशिंग मशीन दुपारी चालवा. इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा मात्र वाढवून घेऊ नका, त्याचा मार शेजाऱ्यांच्या फ्रिज-टीव्हीला बसतो.