सहा आठवड्यांनंतरचा रक्तदाब

ठाणे

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र वाचले. प्रबंधासाठी गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या हा विषय घ्यावा असे तुला वाटते, आणि विभागातले ज्येष्ठ म्हणतात की वार (प्लॅसेंटा) पडली की आजार संपला, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत बीपी नॉर्मल होतो, मग पाहायचे काय? रक्तवाहिनी पाहायची. आकडा उतरला तरी तिचे अस्तर पूर्ववत झालेच असे नाही, एवढे एकच मला तुझ्या डोक्यात बसवायचे आहे.

गर्भाशयातल्या सर्पिल धमन्या गरोदरपणाच्या पूर्वार्धात रुंदावायच्या असतात. प्री-एक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून इतर अवयवांनाही झळ पोचते त्या आजारात, ते काम अनेकदा अर्धवट राहते, वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन आईच्या रक्तात वाजवीपेक्षा जास्त उतरते. रक्तवाहिन्यांचे अस्तर ज्याच्यावर तगते त्या व्हीईजीएफ या वाढ-घटकालाच ते अडवून धरते. २००३ मध्ये गाभण उंदरांना हे प्रथिन दिले, तेव्हा रक्तदाब चढला, लघवीत प्रथिने आली आणि मूत्रपिंडातल्या केशिकांचे, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचे, अस्तरही सुजले. दंडावर १४०/९० दिसते तोवर आत बरेच काही घडून गेलेले असते.

तू नखांच्या मुळाशी केशिका पाहणार आहेस, ते उत्तम. अनामिकेवर तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: केसांच्या आकड्यासारखी वळणे ओळीने दिसतील, आणि या आजारातून गेलेल्या स्त्रियांत ती विरळ आढळल्याच्या नोंदी आहेत. मात्र डोहाळजेवणाची मेंदी आणि नेलपॉलिश यांचा विचार आधीच कर, नाहीतर निम्मी बोटे वाया जातील.

या स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, हे तुला पाठ आहे. मग डिस्चार्ज कार्डावर ते का लिहीत नाहीस? मी लिहीत असे. दरवर्षी बीपी आणि लघवी तपासावी, अशी ओळ मी प्रत्येक कार्डावर घालत असे, आणि बाळंतिणीला कशाला घाबरवता, असे सहकारी मला ऐकवत. मी हट्टी होते, अजूनही आहे. घाबरवणे आणि सांगणे यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात मी फार वर्षे घालवली, ती मोजमापात घालवली असती तर आज तुझ्या हाती काही आकडे देता आले असते, ही खंत आहे. ओळ मात्र चुकीची नव्हती.

तुझे ज्येष्ठ एक अडचणीचा प्रश्न विचारतील आणि तो रास्त असेल: केशिका आजाराने विरळ झाल्या, की मुळातच विरळ होत्या म्हणून आजार झाला? फक्त बाळंतपणानंतर पाहून याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून पहिलटकरणी निवड; मागच्या खेपेला हा आजार झालेल्या स्त्रियांच्या केशिका त्यानेच आधी विरळ झालेल्या असू शकतात. पहिलटकरणींतही तो थोड्याच जणींना होतो, त्यामुळे संख्या मोठी लागेल. केशिकांची पहिली नोंद गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्याच्या आत घे. तुझ्याकडे येणारी घणसोलीची बाई सातव्या महिन्यात माहेरी संगमेश्वरला जाईल आणि बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्याला तुझ्या ओपीडीत फिरकणार नाही, तेव्हा माहेरचा पत्ता आणि भावाचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घे, आणि आराखड्यात शेवटची तपासणी सहा आठवड्यांऐवजी सहा महिन्यांनी ठेव.