आयटीतली नोकरी सोडून दापोलीजवळच्या गावच्या घरातून स्वतःचं काम करता येईल का?

तुम्ही मुंबईत आयटीत आहात, घरून काम करायची सवलत कंपनी आता काढून घेते आहे, दापोली तालुक्यात आजोबांचं घर आहे आणि नोकरी सोडून तिथून स्वतःचे ग्राहक सांभाळत जगता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. इंटरनेटला वेग किती मिळतो, हेही विचारलं आहे. जगता येईल. आणि वेगाची काळजी करू नका. साध्या दिवशी फायबरवर मिळतो तो वेग तुमच्या कामाला पुरून उरेल. प्रश्न साध्या दिवसांचा नाहीच.

मी त्याच बाजूला सासरी राहते आणि पुस्तकांची, अंकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, प्रुफं, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणं, पानं लावून छापखान्याला अंतिम फाइल देणं, सगळं घरून. प्रकाशक पुण्या-मुंबईत, मी इथे, आणि या धंद्यावर आमचं घर चालतं. तेव्हा मनापासून सांगते: मुंबईत बारा महिने साधारण एकाच चालीने जातात, इथे तसं नसतं. वीज, रस्ता, घरातली माणसं, हातात येणारा पैसा, सगळं मोसमाप्रमाणे हलतं. तुमच्या धंद्याचं वर्ष तुम्ही या वर्षावर बेतलंत तर इथे सुखाने राहाल. मुंबईचं वर्ष उचलून इथे आणलंत तर जुलैतच परत जाल.

विजेचंच घ्या. पावसाळ्यात लाइट जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक इन्व्हर्टर घेतात आणि निश्चिंत होतात. पण बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास. त्यातले हजार-बाराशे प्रत्यक्षात हाताशी येतात. लॅपटॉप, राउटर, एक दिवा आणि छोटा पंखा मिळून सव्वाशे-दीडशे वॅट धरले तर कामाचा एक दिवस निघतो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. ही बॅटरी पुरी भरायला आठ-दहा तास सलग वीज लागते, आणि मृगापासून आश्लेषापर्यंत लाइट अशी सलग राहीलच असं नाही. तासभर येते, फांदी पडते, जाते. बॅटरी अर्धीमुर्धी भरते आणि तशीच वापरली जाते. म्हणून कामाच्या खोलीला इन्व्हर्टरची वेगळी लाइन ओढून घ्या. घरातला टीव्ही, माजघरातले पंखे, पाहुण्यांचे मोबाइल त्या लाइनवर येऊ देऊ नका. डेस्कटॉप असेल तर विकून लॅपटॉप घ्या. छपरावर सौर पॅनेल बसवणार असाल तर जरूर बसवा, पण जुलैतल्या आभाळाखाली त्यांच्या भरवशावर राहू नका.

वळवाचा आणि हस्ताचा पाऊस या पावसाहून वेगळा. त्याला विजा असतात, आणि त्या बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळी कडाडतात. तुमचे ग्राहक अमेरिकेतले असतील तर हे आजच लक्षात घ्या. न्यूयॉर्कची सकाळी नवाची वेळ उन्हाळ्यात आपली संध्याकाळी साडेसहाची असते, म्हणजे मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात नेमकी गडगडाटाची वेळ. तेव्हा राउटरचा प्लग काढून ठेवायचा असतो, नेटवर्कची तांब्याची वायरसुद्धा लॅपटॉपपासून सोडवायची असते. आमच्या वाडीत गडगडाटात लावून ठेवलेले कितीतरी राउटर जळले आहेत. इंग्लंडचे ग्राहक असतील तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. ते इथल्या हवेला जास्त मानवतं.

इंटरनेट घेताना केबलवाल्याला वेगाचं नंतर विचारा. आधी विचारा: तुमच्या नाक्यावरच्या स्विचला, म्हणजे घरोघर इंटरनेट वाटणाऱ्या पेटीला, बॅटरी आहे का, आणि ती किती तास चालते? तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, नाक्यावरची पेटी बंद पडली की सगळी वाडी बंद. मोबाइलच्या मनोऱ्याचंही तेच. लाइट गेल्यावर काही तास बॅटरी, मग जनरेटरला डिझेल असेल तोवर. आणखी एक गोष्ट शहरातून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे दोन सोयी झाल्या असं नव्हे. बरेचदा दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात. गावातल्या एखाद्या वायरमनला किंवा केबलवाल्याच्या पोराला विचारा, तो बोट दाखवून सांगेल कुणाचं काय कुठे आहे. दुसऱ्या मनोऱ्यावरचं सिम घ्या, भले त्याला अंगणाच्या कडेलाच रेंज असो.

हे सगळं करूनही काही दिवस असे येतात की त्यांच्यापुढे इलाज नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं, आणि मंडणगड-दापोलीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खांब, माड, सुपारी, कौलं, सगळं आडवं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं, अख्खी बाजारपेठ पाण्यात. असल्या दिवसांसाठी बाहेर कुठेतरी एक टेबल राखून ठेवायला हवं, आणि ते आधी ठरलेलं हवं. माझं पुण्यात नणंदेकडे आहे. पावसात वरंध घाट बरेचदा बंद असतो, म्हणून ताम्हिणीची वाट धरायची. रोज रात्री सगळ्या फाइली बाहेरच्या सर्व्हरवर चढवल्याशिवाय मी झोपत नाही, म्हणजे निघायची वेळ आली तर लॅपटॉपसुद्धा बरोबर असायची गरज उरत नाही. ग्राहकांशीही पहिल्याच बोलण्यात हे सांगून टाका. जून-जुलैची तारीख असेल तर मी आठवडाभर पुढची मागते, आणि कारण स्पष्ट लिहिते. चांगले ग्राहक हे ऐकून घेतात. जे घेत नाहीत त्यांचं काम पावसाळ्यात धरू नये.

माझ्या धंद्यात कस लागतो तो गणपतीत. दिवाळी अंकांची कामं ऑगस्टपासून येऊ लागतात आणि गणपतीच्या आसपास पानांचा नुसता पूर असतो. नेमके तेव्हाच मुंबईचे सगळे येतात. आमच्याकडे चुलत दीर, जावा, मुलं मिळून घर असं भरतं की ओटीपासून माळ्यापर्यंत गाद्या. दोन्ही वेळच्या आरत्या, रात्री भजन, आणि इकडे छापखाना विचारतोय पुढचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, कधी. आम्ही मागच्या पडवीला भिंत घालून, दार बसवून माझी खोली केली ती याचसाठी. तरी पहिल्या गणपतीत त्या खोलीवर सगळ्यांचा डोळा होता. सासूबाईंनीच सगळ्यांसमोर सांगितलं, "ती खोली तिच्या कामाची आहे, तिथे गाद्या पडायच्या नाहीत." त्या एका वाक्याने माझा धंदा जेवढा उभा राहिला तेवढा कुठल्या यंत्राने राहिला नाही. आता मी गणपतीचे पहिले पाच दिवस कुठलंच काम अंगावर घेत नाही, गौरी-विसर्जनानंतर बसते, आणि संपादकांना हे जूनमध्येच माहीत असतं. तुमच्या कामात सणाचा असा मोसम नसेल, पण गणपती, शिमग्यात घरी पालखी येते ते दिवस, आणि मेमधली आंब्याची धांदल, हे तीन काळ कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. गावात राहायचं आणि पालखीला दाराशी नसायचं, असं होऊ नये. माणसं जोडलेली राहतात ती तिथेच.

पैशाचं आता. पगारदार माणसाला महिन्याची सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. मला सासरी ते सोपं गेलं, कारण यजमानांची हापूसची कलमं आहेत आणि बागायतदाराच्या घरात वर्षाचा पैसा मोसमातच येतो. मेअखेर हिशेब होतो, खतं-फवारणीचे बाजूला काढले जातात, मग वर्षाच्या किराण्याचे, आणि उरले तर घराचं काम. मी माझ्या पैशालाही तोच नियम लावते: आलेल्या प्रत्येक बिलातून कराचे आणि पावसाळ्याचे आधी बाजूला.

येणं वसूल करण्याविषयी तुम्ही विचारलं नाही, पण स्वतःच्या धंद्यात सर्वांत जास्त झोप तेच उडवतं. सहा-सहा महिने पैसे थकवणारा ग्राहक मलाही भेटला आहे. उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट होते, आधार आणि पॅन पुरतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. भांडण्यापर्यंत वेळ सहसा येत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकबाकी चुकती होईपर्यंत ग्राहकाला तो खर्च करातून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे हिशेबनीसच फोन करून उद्यम क्रमांक मागतात. प्रत्येक बिलावर तो क्रमांक छापत चला.

करात तुम्हाला एक चांगली सोय आहे. माहिती तंत्रज्ञान आयकराच्या ठरावीक व्यवसायांच्या यादीत आहे, म्हणून वर्षाची जमा पन्नास लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत ठेवून पंचाहत्तर लाखांपर्यंत असेल, तर निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो आणि वह्यांचा व्याप टळतो. याला सगळे जुन्या आयकर कायद्यातल्या कलमावरून ४४एडीए म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सीएकडे 'अनुमानित उत्पन्न' असंच विचारा. या सोयीत आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. सेवांना वीस लाखांच्या जमेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पुढे नोंदणी झाली आणि ग्राहक परदेशी असले, तर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दाखल करून कर न लावता बिल देता येतं.

नोकरी सोडण्यापूर्वी, पगाराची स्लिप हातात असतानाच, दोन कामं उरका: आरोग्य विमा, आणि कर्ज घ्यायचंच असेल तर ते. नंतर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि तोवर थांबावं लागतं.

गावात तुमच्याकडे लॅपटॉप आहे हे कळलं की लोक येतील. पीक विम्याचा अर्ज, मुलाचा अकरावीचा प्रवेश, पेन्शनचा हयातीचा दाखला. "अगो, घरीच असतेस ना, एवढा फारम भरून दे," असं मला रोज कुणीतरी म्हणायचं. नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. त्या म्हातारीला तालुक्याला जायला एक दिवस आणि एसटीचं भाडं पडतं. मी संध्याकाळी चार ते पाच हा वेळ ठरवून टाकला. आता वाडीला तो पाठ आहे. सकाळी दार लोटलेलं असलं की कुणी हाक मारत नाही.

शेवटी घराचं, कारण तुम्ही 'आजोबांचं घर' असं लिहिलं आहे. ते सामाईक असणार. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, घरपट्टीवर तीन-चार नावं असतील. खोलीला भिंत घालायची, इन्व्हर्टरची लाइन ओढायची, छपरावर पॅनेल बसवायचं, मीटरचा भार वाढवायचा, प्रत्येकाला कुणा ना कुणाची संमती लागते. जीएसटीच्या नोंदणीला जागेचा पुरावा म्हणून वीजबिल आणि संमतिपत्र तर लागतंच. फोनवर हे विषय काढू नका, त्यातून गैरसमज होतात. चुलते, आत्या, चुलतभाऊ सगळे समोरासमोर भेटतात ते गणपतीत. राजीनामा त्याआधी देऊ नका. जुलैत रजा घेऊन पंधरा दिवस त्या घरातून काम करून बघा, मग गणपतीत थोरल्या चुलत्यांपासून सुरुवात करून बोलून घ्या, लिहून घ्या. पाऊस ओसरल्यावर गवंडी आणि वायरमन मिळतात. दिवाळीपर्यंत खोली तयार होते.