सेलरी रूटचा मॅश पाणचट का होतो, आणि गराडू चालेल का

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा-सून जर्मनीत असतात, मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो तेव्हा सून सेलरी रूटचा, म्हणजे सेलरीच्या खालच्या गड्ड्याचा, लोण्यातला मॅश करायची, मला तो फार म्हणजे फारच आवडला. यंदा मुलगा आला तर दिल्लीच्या आयएनए मार्केटमधून एक चांगला मोठा गड्डा घेऊन आला. मी बटाट्यासारखाच कुकरमधे तीन शिट्ट्या काढून कुस्करला तर ताटात सगळीकडे पाणी, आणि रंगही करडा. सून फोनवर म्हणते थोडा बटाटा घाला, आमचे हे म्हणतात बटाटा घातला तर मग सेलरी रूटचं काय राहिलं. आता परत गड्डा आणवणार आहे, तर नीट सांगा.
(स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर: काकू, सूनबाईंचं बरोबर आहे, पण काकांचंही अगदीच चूक नाही, बटाटा जास्त झाला की खरंच त्याचीच चव पुढे येते. सोललेल्या अर्धा किलो सेलरी रूटला एक मध्यम बटाटा, १५० ग्रॅमच्या वर नको. बटाट्यात स्टार्च १५ टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून तो कुस्करला की आपोआप बांधून येतो, सेलरी रूटमधे तो ५-६ टक्केच असतो आणि १०० ग्रॅममधे ८८ ग्रॅम तर पाणीच असतं, मग त्याला धरून कोण ठेवणार? त्यात कुकरमधे तो गळून जातो आणि वरून वाफेचं पाणीही पितो. म्हणून कुकर नकोच, उघडं पातेलं घ्या.

गड्डा फार मोठा घेऊ नका, मोठे कधीकधी आतून भुसभुशीत निघतात. मध्यम, हातात जड लागणारा घ्यायचा, ७०० ग्रॅमचा आणला तर सोलून अर्धा किलो मिळतो कारण साल बरीच जाड काढावी लागते. सोलाण्याने काम होत नाही. वरचा नि खालचा भाग सुरीने उडवायचा, गड्डा पाटावर सपाट बसवायचा आणि वरून खाली साल कापत जायचं, बुडाशी बारीक मुळ्यांचं जाळं असतं त्यात माती अडकलेली असते, तो भाग सगळा जाऊ द्या, तिथे काटकसर केली तर दाताखाली कचकच येते. कापलेल्या फोडी हवेने करड्या पडतात, तुमचा रंग तिथेच गेला असणार, त्यासाठी मोठ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि फोडी कापल्या कापल्या त्यात टाकत जायच्या.

शिजवायचा दुधात. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, भुट्ट्याचा कीस आपण दुधातच शिजवतो ना, तशीच गोडसर चव इथेही येते. पण आधी लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या फोडी साध्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर दूध फाटेल. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठ्या फोडी नकोत, एक कप दूध आणि फोडी जेमतेम बुडतील इतकं पाणी, अर्धा चमचा मीठ, आणि मंद गॅसवर २०-२५ मिनिटं. खळखळून उकळू द्यायचं नाही, उतू जातं आणि तळालाही लागतं. सुरीचं टोक सहज आरपार गेलं की झालं. बटाटा वेगळा उकडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक लोक करतच नाहीत. फोडी चाळणीत निथळा (खालचं दूध टाकू नका हं), मग त्या परत त्याच रिकाम्या पातेल्यात घालून अगदी बारीक गॅसवर दोन-तीन मिनिटं हलवत राहा. आधी चुरचुर आवाज येतो, भरपूर वाफ निघते, मग वाफ कमी होत जाते आणि फोडींच्या कडा ओलसर चकचकीत होत्या त्या कोरड्या, मऊ दिसायला लागतात, तळाला दुधाचा पातळ थर धरायला लागतो, तेव्हा लगेच उतरवायचं. ताटात जे पाणी सुटतं ते इथेच घालवायचं असतं, नंतर काही करता येत नाही.

मग सेलरी रूट मिक्सरमधे फिरवा, अगदी गुळगुळीत, काही बिघडत नाही कारण त्यात स्टार्च कमी. बटाटा मात्र मिक्सरमधे चुकूनही घालू नका, पात्यांनी त्याचा सगळा स्टार्च बाहेर येतो आणि लगदा चिकट ताणायला लागतो. तो हाताने कुस्करायचा आणि मग एकत्र करायचं. गरम असतानाच ४० ग्रॅम लोणी, चिमूटभर जायफळ, मिरपूड, आणि घट्ट वाटलं तरच ठेवलेलं दूध चमच्या-चमच्याने. एकदम ओतू नका. काकांना वाढा आणि मग विचारा बटाटा लागतोय का.

प्रश्न: इंदुरात सेलरी रूट मिळत नाही, चोइथराम मंडीतही विचारून आले. थंडीत गराडू (आपला तळून खायचा कंद) भरपूर असतो, त्याचा असाच मॅश केला तर चालेल का?
(सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: नाही हो, गराडूचं तसं करू नका. गराडूत स्टार्च खूप, मॅश केला तर चिकट गोळा होतो आणि सेलरीचा जो वास हवा तो त्यात नाहीच. गराडू सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तसाच खावा, तळून, वरून जिरावण मसाला आणि लिंबू, त्याला दुसरं काही करण्याची गरजच नाही.

त्यापेक्षा सेलरीचे दांडे घ्या, ते मोठ्या भाजीच्या दुकानांतून, सुपरमार्केटमधून मिळतात. झाड एकच, फक्त एक जात दांड्यासाठी वाढवतात आणि दुसरी खालच्या गड्ड्यासाठी, त्यामुळे वास जवळचाच येतो. दोन-तीन दांड्यांच्या शिरा काढून बारीक चिरा, लोण्यात झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं अगदी मऊ होईपर्यंत परता (लाल करायचे नाहीत), वाटून घ्या आणि उकडलेल्या बटाट्यात मिसळा. थोडा नवलकोल उकडून, वर सांगितलं तसा कोरडा करून घातला तर पोतही बराचसा तसाच होतो. शलगमनेही होतं पण त्याचा कडसरपणा सगळ्यांना आवडत नाही.

प्रश्न: सासऱ्यांना शुगर आहे, बटाटा बंद केलाय. हे खाऊ शकतात का? रक्त पातळ होण्याची गोळीही सुरू आहे.
(लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: बटाट्यापेक्षा नक्कीच हलकं आहे. १०० ग्रॅम सेलरी रूटमधे ४२ कॅलरी आणि ९ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, बटाट्यात ७७ आणि १७. अर्थात बटाटा न घालता करा आणि लोणी दोन चमच्यांवर नेऊ नका, मॅश थोडा सैल राहील, राहू दे.

पण गोळीचं आधी बघा. ती वॉरफरिन असेल तर सेलरी रूटमधलं व्हिटॅमिन के लक्षात घ्यावं लागतं, १०० ग्रॅममधे ४० मायक्रोग्रॅमच्या थोडं वर असतं. एखाद दिवशी वाटीभर आणि मग महिनाभर काहीच नाही असं वर-खाली झालं तर गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून सुरू करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. आणि अजून एक, सेलरीची ॲलर्जी काही लोकांना जोरात येते, युरोपियन युनियनमधे पाकिटावर छापायलाच हव्यात अशा १४ ॲलर्जन्समधे ती आहे, शिजवल्याने ती नेहमी जातेच असंही नाही. पहिल्यांदा चमचाभरच द्या. ओठांना, तोंडात खाज आली तर पुढे नको, आणि सूज किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

प्रश्न: सासूबाईंना हे फार फिकं लागतं, त्यांना गरम मसाला आणि हळद घालून हवंय. घालू का?
(राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: गरम मसाला नको, मनापासून सांगते. सेलरी रूटची चव नाजूक असते, वासाला सेलरी आणि मागून हलकी बदामासारखी गोडी, लवंग-दालचिनीपुढे ती टिकतच नाही, मग एवढा महाग गड्डा आणून काय उपयोग. हळदीने रंगही जातो. पण सासूबाईंचंही मन राखायला हवं, तर जिऱ्याची फोडणी द्या. सेलरी, जिरं, धने, ओवा, बडीशेप, गाजर सगळी एकाच कुळातली, त्यामुळे जिरं तिथे परकं वाटत नाही. चमचाभर साजूक तुपात अर्धा चमचा जिरं, एक हिरवी मिरची मधे चिरून, आणि वाढताना वरून ओता, आत ढवळू नका. ज्याला साधं हवं तो कडेने घेईल.

प्रश्न: उरलेल्याचं काय करायचं? दूधही उरतं.
(लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: मॅश फ्रिजमधे दोन-तीन दिवस छान राहतो, गरम करताना परत बारीक गॅसवर हलवायचा. नाहीतर त्यात भिजवून पिळलेले पोहे घालून टिक्क्या थापा आणि तव्यावर थोड्या तेलात भाजा, पोहे पाणी ओढून घेतात त्यामुळे तुटत नाहीत. दुधाचं सूप करा, एक बटाटा आणि थोडा कांदा शिजवून त्यातच वाटायचा. गड्डा अर्धाच वापरला असेल तर उरलेला न सोलता, कापलेल्या बाजूला ओलं फडकं लावून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, आठवडाभरात संपवा.